वीस मिनिटं चालू ठेव

अप्पा, पावडरचा डबा संपत आलाय. आज सकाळी उपडा करून बुडावर दोन थापा मारल्या तेव्हा कुठं मूठभर हातावर आली. डबा संपायला आला की आधी तुमच्याच लक्षात यायचं. "वैशाली, तुझा मेकअप संपला बरं का," म्हणायचात आणि स्वतःच्या विनोदावर गालातल्या गालात हसायचात. सोळा वर्षांत त्या पावडरीचा एक कण मी तोंडाला लावला नाही. सगळी तुमच्या इंजिनाला लागली.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी चहा करत होते. येणारा प्रत्येकजण तुमच्याबद्दल काहीतरी सांगून जात होता. सासरे गेले की सुनेनं डोळे पुसायचे आणि कप विसळायचे, तेवढं मी केलं. माझ्याकडं तुमच्याबद्दल जे आहे ते सगळं नेरूळच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधलं, बॉनेटखालचं. दिवाणखान्यात बसून सांगण्यासारखं नव्हतंच. आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती फक्त तुम्हालाच सांगायची होती. आज सांगते, उद्या सांगते करत राहिली.

आज रविवार. दिघ्याहून एकजण नऊ वाजता गाडी न्यायला येणार होता. प्रशांतनंच बोलावलं होतं त्याला. तुमच्या मुलाचं तुम्हाला माहीतच आहे, समोर दिसणारी जुनी वस्तू त्याला पसारा वाटते. "कोण चालवणार ती आता? जागा तरी मोकळी होईल," म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमची खुर्ची रिकामी, तुमच्या चपला तशाच, आणि खाली गेलं की ती निळी गाडी समोर उभी. त्याला बघवत नसेल. त्याला रडायचं असलं की तो आवराआवर करतो.

मी त्याला म्हटलं, येऊ दे माणूस, पण त्याआधी मला दोन तास दे. गळती बघून घेते.

"भंगारात जाणाऱ्या गाडीची गळती?" तो म्हणाला.

"हो," म्हटलं.

त्या गळतीबद्दलच बोलायचंय, अप्पा.

पण आधी पहिल्या रविवारचं सांगू दे. ते तुम्हीही कधी कुणाला पुरतं सांगितलं नाहीत, कारण त्यात तुमची हार होती. लग्नाला नऊ दिवस झाले होते. आईंनी हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "खाली देऊन ये, नाहीतर ते दुपारपर्यंत वर यायचे नाहीत." मी नवी नवरी, हातभर चुडा, पदर सावरत खाली आले तर तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. इंजिनात डिझेल सोडणारे चारही इंजेक्टर कागदाच्या रुमालांनी पुसताय, कागद नाकाशी नेताय, पुन्हा पुसताय. तीन तास झाले होते म्हणे. सगळं इंजिन वरपासून खालपर्यंत ओलं. डिझेल नेमकं कुठून येतंय ते कळत नव्हतं.

मी म्हटलं, "राख टाकून बघा."

तुम्ही मान वर केलीत. "काय?"

"आमच्याकडं ट्रॅक्टरला असंच करतात. इंजिन कोरडं पुसायचं, चाळलेली राख बोटानं थापायची, मग चालू करायचं. जिथून झरतं तिथली राख आधी काळी पडते."

"इथं राख कुठून आणू?"

मग मी वर गेले आणि लग्नाच्या सुटकेसमधला पावडरचा डबा घेऊन आले. कंपनीत तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, त्याच्या इंजिनावर सून गुलाबाच्या वासाची पावडर थापतेय. वॉचमन बघत होता, तळमजल्यावरचे काका बघत होते. पाच मिनिटांत तीन नंबरच्या इंजेक्टरच्या नटाभोवती काळं कडं उमटलं. तुम्ही त्या कड्याकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, पाना घेतलात आणि नट आवळलात. शाबासकी नाही, काही नाही. चहा तसाच गार झाला. मला वाटलं, झालं, पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांचा अपमान करून बसले.

पुढच्या रविवारी सकाळी सातला आमच्या खोलीचं दार वाजलं. प्रशांत उठून गेला. तुम्ही त्याला बाजूला सारून आत बघत म्हणालात, "वैशाली, डबा घेऊन ये."

तिथून आपले रविवार सुरू झाले. जुन्या डिझेल गाडीचं एक बरं असतं, ती रिकामं बसू देत नाही. आज इंजेक्टरच्या नटातून झरते, उद्या उरलेलं डिझेल डोक्यावरून परत टाकीकडं नेणाऱ्या रिटर्न पाइपातून, परवा पंपाकडून. प्रशांत म्हणायचा, एवढ्या वेळात माणूस पीएचडी करतो. करू दे की. मला ते दोन तास आवडायचे. आठवडाभर वाशीच्या ऑफिसात साहेबांचं ऐकायचं, घरी सगळ्यांचं बघायचं; त्या दोन तासांत मात्र मी कुणाची सून नव्हते. तुम्ही माझ्याशी तंडायचात, आणि बरोबरीनं तंडायचात.

काय काय भांडलो आपण. वॉशरवरून तर किती. रिटर्न पाइप प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एका बोल्टनं बसतो, पाइपाच्या वर एक आणि खाली एक असे दोन तांब्याचे वॉशर. मी म्हणायचे, उघडलं की नवीन टाका. तुम्ही जुने काढून आईंच्या गॅसवर चिमट्यात धरायचात, लालबुंद झाले की वाटीतल्या पाण्यात सोडायचात. चर्र आवाज आला की तुमचा चेहरा खुलायचा. "तांबं तापवलं की पुन्हा नरम होतं. माणसाचं उलटं." आई मागून ओरडायच्या, "त्या वाटीत उद्या आमटी कोण खाणार?" शेवटी त्यांनी कड उडालेली एक वाटी तुम्हाला कायमची देऊन टाकली, आणि तुम्ही वॉशर ठेवायला त्यांची सुपारीची डबी न विचारता उचललीत. त्यावर घरात दोन दिवस अबोला होता.

शिरवण्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो की तो गावातला म्हातारा शेठ तुम्हाला चिडवायचा, "अप्पा, नवीन हाय ना माझ्याकडं. जुना कनाला तापवताय?" तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात. "हिला विचारा. ही नव्याच्या पार्टीची आहे." आणि मग हळूच एक पाकीट नवे वॉशर घ्यायचात, माझ्या समाधानासाठी. ती पाकिटं अजून तशीच आहेत, एकही फोडलेलं नाही. काल डबी शोधताना हाताला लागली.

दुसरं भांडण वीस मिनिटांचं. मी पावडर थापली की पाच मिनिटांत निकाल मागायचे. ट्रॅक्टरवर तेवढ्यात कळायचं. तुम्ही म्हणायचात, "वीस मिनिटं चालू ठेव. थंड इंजिन तोंड उघडत नाही." बारीक गळती तापल्यावरच झरते हे तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, उगाच डिझेल जाळायचं आणि अख्ख्या सोसायटीला धूर खायला लावायचा. तुम्ही घड्याळ काढून बॉनेटच्या कडेवर ठेवायचात आणि शांतपणे सुपारी कातरायला लागायचात. जवळजवळ दर वेळी माझ्या पाच मिनिटांत काम व्हायचं. पण दोन-तीनदा विसाव्या मिनिटाला एखादा ठिपका उठला होता, आणि तेव्हा तुम्ही जे काही हसला होतात ते मी विसरलेली नाही.

सगळं कोरडं निघालं की बक्षीस ठरलेलं. गाडी उलव्याकडं काढायची. विमानतळाचं काम सुरू झालं तेव्हापासून तुम्हाला ते बघायचं वेड. अख्खा डोंगर कापत होते, आणि तुम्ही दर खेपेला म्हणायचात, "गेल्या वेळेपेक्षा ठेंगणा झाला." मग रस्त्याकडेची गरम भजी, तेल फुटलेला कागद, आई मागच्या सीटवर पाय वर घेऊन. मला गाडी चालवायला तुम्ही तिथंच शिकवलीत. क्लच सोडताना इंजिन बंद पडलं की प्रशांतसारखं कपाळाला हात लावायचा नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायचात. मला आयुष्यात इतकं शांतपणे कुणी काही शिकवलं नाही, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही.

आणि तुमचा तो नियम. गळती असताना गाडी गेटबाहेर जाणार नाही. कंपनीत असताना डिझेलचा पाइप तापलेल्या लोखंडावर फुटलेला तुम्ही बघितला होतात. तुमच्या जोडीदाराचा हात भाजला होता. म्हणून एक थेंब जरी दिसला तरी गाडी जागेवर. प्रशांतच्या मित्राच्या लग्नाला आपण रिक्षानं गेलो होतो, गाडी खाली उभी असताना. आई शालू नेसून रिक्षात बसल्या आणि वाटभर निऱ्या आवरत राहिल्या. नियम म्हणजे नियम.

त्या नियमाचाच मी फायदा घेतला, अप्पा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिरवण्याहून आपण दोघं परत येत होतो. सिग्नल लाल होता. लाल म्हणजे चांगला लाल, लांबून दिसणारा. तुम्ही तसेच पुढं गेलात. डावीकडून एक बाई स्कूटरवर येत होती, पुढं पोरगी उभी. तिनं ब्रेक दाबला, स्कूटर वाकडी झाली, ती पडली नाही हे नशीब. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "काय झालं?"

"सिग्नल, अप्पा."

"कुठला सिग्नल?"

तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला खरंच दिसला नव्हता. ती बाईही दिसली नव्हती. डॉक्टरांनी त्याआधीच सांगितलं होतं की बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, आणि तुम्ही त्यांना वेड्यात काढलं होतंत. घरी येईपर्यंत तुम्ही कंपनीतला कुठलासा किस्सा सांगत होतात, आणि मी दाराच्या हँडलला धरून बसले होते. मला ती पुढं उभी असलेली पोरगी दिसत होती.

प्रशांतला सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली असती, वर तासभर भाषण दिलं असतं. तुम्ही मान खाली घालून ऐकलं असतंत. ते मला बघायचं नव्हतं. तोंडावर तुम्हाला म्हणायचं, अप्पा आता गाडी सोडा, तर तेवढी माझी छाती नव्हती. बाकी कशावरूनही तुमच्याशी भांडणारी मी, इथं शेपूट घातली.

शनिवारी दुपारी तुम्ही झोपला होतात. कचरा टाकून येते म्हणून खाली गेले. पिशवीत सतराचा पाना होता. दोन नंबरच्या इंजेक्टरचा नट मी किंचित ढिला केला. अगदी कणभर, नुसतं झरावं इतकाच.

बस. एवढंच ते. आठ महिने पोटात ठेवलेलं.

रविवारी सकाळी तुम्ही बॉनेट उघडलंत, नाक आत घातलंत आणि चेहरा उजळला. "वैशाली, डबा आण. पाहुणा आलाय." मला वाटलं होतं तुम्ही हिरमुसाल. तुम्ही तर दहा वर्षांनी लहान झालात. आपण पुसलं, पावडर थापली, नट सापडला, तुम्ही आवळलात. आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा कचरा टाकायला गेले. मधले सहा दिवस तुम्ही गाडी काढू नये म्हणून कधी माझं ऑफिस आड यायचं, कधी आईंचे गुडघे. मग मी हुशार झाले. रविवारी तुम्ही आवळून वर गेलात की संध्याकाळीच ढिला करायचे. सोमवारी तुम्ही वास घ्यायचात आणि म्हणायचात, "आज नको काढायला."

आठ महिने गाडी गेटबाहेर गेली नाही. कुणाची स्कूटर वाकडी झाली नाही. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, अप्पा. पुन्हा तीच वेळ आली तर गाडी मी पुन्हा अडवून ठेवीन. फक्त अशी नाही.

कारण तुम्ही त्या नटाच्या मागे किती लागलात. पाइप थरथरतो म्हणून नट सुटत असेल, असं म्हणत तुम्ही रबर घालून नवी क्लॅम्प बसवलीत, स्वतः कापून, घासून. कॅलेंडरच्या पाठीवर चार इंजेक्टर काढलेत आणि प्रत्येक रविवारी कुठं ओलं दिसलं त्याच्या खुणा केल्यात. मी बाजूला उभी राहून बॅटरी धरत होते. एकदा तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं नट आवळतोय, असा हट्टी नट बघितला नाही. बहुतेक हातात जोर राहिला नाही माझ्या." मी त्या दिवशी जेवले नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

आणि मग तो शेवटचा रविवार. शेवटचा आहे हे कुणाला ठाऊक होतं.

तुम्ही कॅलेंडरचा कागद बॉनेटवर पसरून म्हणालात, "नटाचं सोड. नट ओला होतो ते खरं, पण सगळं डिझेल त्याचं नाही. वरचा बघ, रिटर्नचा बोल्ट. त्याचा वॉशर गेलाय. तापलं की तिथून झरतं आणि खाली नटावर येतं. आपण आज वरचं उघडू."

मी म्हटलं, "अप्पा, नटच आहे."

"वीस मिनिटं चालू ठेव, कळेल."

"नटच आहे म्हणतेय ना मी. मला माहितीये."

माझा आवाज चढला होता. चढणारच. मला खरंच माहीत होतं, माझ्या हातानं केलेलं. त्यातून तुमचे हात थरथरत होते, वरचा बोल्ट उघडताना वॉशर खाली पडला तर आणखी एक काम. मला वाटलं, डोळे गेले, आता अप्पांचा अंदाजही गेला, नसलेली गळती शोधायला लागले. मी पाच मिनिटांत किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पाना माझ्या हातात दिलात, बनियनच्या फडक्याला हात पुसलेत आणि म्हणालात, "तू म्हणतेस तर तसं."

सोळा वर्षांत तुम्ही मला एकदाही असं म्हणाला नव्हतात. पावडरपासून वॉशरपर्यंत एक गोष्ट तुम्ही भांडल्याशिवाय सोडली नाहीत. त्या दिवशी तुम्ही जिना चढून गेलात आणि मला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. दहा दिवसांनी तुम्ही गेलात. मधल्या रविवारी तुम्ही दार वाजवलं नाहीत. मीही आले नाही.

काहीजणांना मेलेल्या माणसाबद्दल असं वाटून घ्यायला आवडतं की त्याला सगळं माहीत होतं, त्यानं मनातल्या मनात माफ केलं होतं. मीही चार रात्री ते करून बघितलं. जमलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चार मजल्यांवर ऐकू जाईल असं ओरडला असतात. तुमच्या पोटात कधी काही राहिलं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही स्वतःच्या हातांनाच दोष देत गेलात.

म्हणून आज सकाळी सातला खाली गेले. निदान गाडी जाण्याआधी तो नट माझ्या हातानं नीट बसवावा, एवढंच मनात होतं. आई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. दोन नंबरचा नट तुम्ही शिकवलात तसा आवळला, आधी बोटांनी पुरता, मग पान्यानं, जीव न काढता. सगळं तुमच्या फडक्यानं पुसलं. उरलेली पावडर थापली आणि किल्ली फिरवली.

पाच मिनिटं झाली. नट कोरडा. पावडर पांढरी शुभ्र. मला वाटलं, संपलं. माझं पाप पुसलं गेलं, पुरावाही राहिला नाही. हात किल्लीकडं गेला, आणि थांबला. कानात तुमचंच. वीस मिनिटं चालू ठेव. म्हटलं, राहू दे चालू. आज शेवटचं तर तुमच्या मनासारखं होऊ दे.

तुमचं घड्याळ तुमच्या हत्यारांच्या डब्यातून आणून बॉनेटच्या कडेवर ठेवलं. दहा मिनिटं, काही नाही. चौदाव्या मिनिटाला पंखा फिरला, थोडी पावडर उडाली. तळमजल्यावरच्या काकांनी खिडकी लावून घेतली. सतराव्या मिनिटाला मी वाकून बघितलं. दोन नंबरच्या डोक्यावर, रिटर्नच्या बोल्टखाली, पावडरीत एक डाग पडत होता. भज्यांच्या कागदाला तेल फुटावं तसा, हळूहळू मोठा होत. विसाव्या मिनिटाला तिथून एक थेंब सुटला, खाली आला आणि मी नुकत्याच आवळलेल्या नटावर येऊन थांबला.

वरचाच होता, अप्पा. तुम्ही म्हणत होतात तो. माझ्या लबाडीच्या मागं एक खरी गळती होती. अधू डोळ्यांनी, थरथरत्या हातांनी, मी दर आठवड्याला खोटा पुरावा पेरत असताना, तुम्ही ती बरोबर ओळखली होतीत. डोळे तेवढे गेले होते तुमचे. मी मात्र सगळ्या अप्पांनाच निकालात काढलं.

मी तिथंच टायरशी फतकल मारून बसले आणि रडले. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

प्रशांत त्या माणसाला घेऊन खाली आला तेव्हा मी तशीच होते, तोंडाला हात लावलेले, म्हणजे अखेर पावडर तोंडाला लागली. मी त्याला तिथंच सांगून टाकलं. सिग्नल, स्कूटर, शनिवार, नट, सगळं. तो पान्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"आणि तू काय केलंस?"

त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. खाली बसला माझ्याशेजारी, इस्त्रीच्या पँटसकट.

दिघ्याचा माणूस बिचारा बॉनेटमध्ये डोकावून बघत होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. थोडंच झरतंय. आमी अशाच नेतो गाड्या, रोजचं हाय आमचं."

"नाही," मी म्हटलं. "गळती असताना ही गाडी गेटबाहेर जात नाही."

त्यानं प्रशांतकडं बघितलं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. प्रशांत उठला, मागची धूळ झटकली आणि म्हणाला, "वडिलांचा नियम आहे. नीट झाली की आम्ही फोन करू." फोन करू की नाही ते माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं. तो माणूस मान हलवत गेला.

इंजिन तापलेलं असताना बोल्ट उघडायचा नाही, म्हणून वर येऊन हे लिहीत बसले. आता हाताला सोसेल इतकं गार झालं असेल. नव्या वॉशरचं पाकीट समोर आहे, पण मी ते फोडलेलं नाही. स्वयंपाकघरात आईंनी मघाशीच चिमटा ओट्यावर काढून ठेवलाय, आणि शेजारी कड उडालेली वाटी, पाणी भरून. मी न सांगता.

पाना घेतलाय. खाली जाते. तुम्ही म्हणताय तर उघडते, अप्पा.